टेपखालचा जोड

धक्क्यावर तिला सगळे मीटरबाई म्हणायचे, आणि आता कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली असती तर तिने वळूनही बघितलं नसतं. गळ्यात दोरीने अडकवलेलं पिवळं मीटर, खांद्याला अवजारांची जड पिशवी, पायात पुरुषी वाटतील असे रबरी बूट. ती सकाळी लाकडी धक्क्यावरून चालत आली की बोटवाले आपापली गाऱ्हाणी घेऊन उभेच असायचे. कुणाचा पंप चालत नाही, कुणाचा दिवा मिणमिणतो, कुणाचं इंजिन किल्ली फिरवली की नुसती उचकी देतं. ती फार बोलायची नाही. मीटरची लाल काडी इकडे, काळी तिकडे, एक नजर आकड्यावर आणि मग मालकाच्या तोंडाकडे अशी बघायची की त्याला वाटावं, हिने आपलीच नाडी धरली आहे.

"बाई, साडेबारा दाखवतंय की. चांगली आहे बॅटरी," असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "पाहुण्यांसमोर सगळेच नीट बसतात. कामाला लावा, मग बघू."

हे काम मुळात तिचं नव्हे. बोटींच्या तारा-दिव्यांची कामं तिचा नवरा करायचा, आणि ती दुकानाच्या पुढच्या भागात बसून फ्यूज, बल्ब, स्क्रू विकायची. नवऱ्याला सगळा धक्का मिस्त्री म्हणायचा. बोटी सगळ्या हौशी लोकांच्या. सुट्टीच्या दिवशी खाडीत फेरी मारायची, फार तर भूशिराच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, एवढंच त्यांचं दर्यावर्दीपण. पण मिस्त्री एकेका बोटीत असा शिरायचा, जणू ती सात समुद्र ओलांडणार आहे. हात नीटनेटका, जीभ मिश्कील. "माझ्या मागून येणाऱ्याने मला शिव्या घालू नयेत," असं म्हणत तो चिकटपट्टी गुंडाळून झाली की तिचं शेवटचं टोक आत दुमडून ठेवायचा, म्हणजे ती पुन्हा सोडवताना पुढच्याला नखाने खरवडत बसावं लागू नये.

एका संध्याकाळी तो दातांच्या डॉक्टरांची पांढरी बोट चालवून बघायला म्हणून बाहेर घेऊन गेला आणि परत आला नाही. वारा अचानक फिरला होता. दुसऱ्या दिवशी बोट भूशिराच्या पलीकडे भरकटलेली सापडली, आत कुणी नव्हतं, दिव्याचं बटण चालू होतं आणि बॅटरी ठार बसली होती. मिस्त्री त्यानंतर सापडला, खडकांपाशी.

त्या संध्याकाळी धक्क्याच्या रेडिओखोलीत मिस्त्रीचा धाकटा भाऊ बसला होता. बाहेर गेलेल्या बोटींची हाक ऐकायची, हे त्याचं काम. त्याने स्पीकरवर काही वेळ नुसता आवाज ऐकला. टक, मग जराशी फर्र, मग शांत. पुन्हा टक, फर्र, शांत. कुणाचं तरी बटण अडकलं असेल, असं समजून त्याने लक्ष दिलं नाही. चौकशीत त्याने हे स्वतःहून सांगितलं, काही लपवलं नाही. पण तेव्हापासून रेडिओखोलीचा स्पीकर त्याने कधी बारीक केला नाही. जेवायला उठला तरी घास हातात धरून दारात उभा राहायचा, कान आत.

आणि तिचं? घरात कुठेही टक झालं की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. दिव्याचं बटण, गॅस पेटवायचा लायटर, पेटीची कडी. शेवटी तिने लायटर टाकून दिला आणि काड्यापेटी आणली.

बॅटरी बसली होती, म्हणजे बॅटरी खराब होती, आणि बॅटरी डॉक्टरांची होती. हा हिशेब तिने पहिल्याच आठवड्यात केला आणि चौकशीत सर्वांसमोर मांडला. डॉक्टर समोर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून ती त्यांना पाण्यात पाहायला लागली. बाजारात दिसले की मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "लोकांचे दात उपटायला वेळ आहे, एक बॅटरी बदलायला नव्हता." दाढ ठणकली तर बसने दुसऱ्या गावी जायची, पण त्यांच्या पायरीवर पाय ठेवायची नाही. डॉक्टरांनी बोट लांबच्या कुठल्याशा बंदरावर विकून टाकली. पुढे हळूहळू दवाखानाही बंद केला. लोक म्हणायचे, डोळे अधू झाले. ती म्हणायची, तोंड दाखवायला जागा उरली नाही.

नवऱ्याचं काम ती का शिकली, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, पोटासाठी. ते खोटं नव्हतं. पण बॅटरी मरते म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला समजून घ्यायचं होतं, आणि एकदा समजायला लागल्यावर तिला थांबता आलं नाही.

* * *

त्या सकाळी तिच्याकडे बेकरीवाला आला. जाडजूड, बोलका, बाहीला पीठ चिकटलेलं. त्याने नुकतीच एक निळी मोटरबोट घेतली होती आणि ती त्याच्या नाकी नऊ आणत होती.

"बाई, ही बोट आहे की सासरवाडी? कधी एका हाकेला ओ देते, कधी ढुंकून बघत नाही. बॅटरी बदलली. परत बदलली. स्टार्टर उघडून साफ करून घेतला. धक्क्याला बांधलेली असते तेव्हा गुणी लेकरू. जरा बाहेर नेऊन लाटांवर आपटली, की आकडा खाली. काल मला वल्ह्याने आणावी लागली. माझ्या या पोटाने वल्हं मारायचं म्हणजे बघा."

ती बोटीवर चढली. बॅटरी शोधायला सवयीने मागे, इंजिनाकडे गेली. तिथे नव्हती. पुढच्या बाकाचं झाकण उचललं तेव्हा त्याच्याखाली दिसली. कुणी तरी मुद्दाम पुढे हलवलेली. तिच्या मनात आलं, कुणाचं हे शहाणपण, आणि मग तिने तो विचार तिथेच सोडून दिला. बोटी एकदा विकत-विकत फिरल्या की त्यांच्यात दहा जणांचं डोकं शिरलेलं असतं.

बॅटरीच्या दोन्ही टोकांना काड्या लावल्या. आकडा उत्तम. दिवे लावले, पंप लावला. बॅटरीवरचा आकडा जेमतेम हलला. पण चालकाच्या समोरच्या फळीवर जो काटा होता, तो चांगलाच खाली वाकला होता. म्हणजे बॅटरी देत होती आणि वाटेत कुणी तरी खात होतं.

"बॅटरी चांगली आहे," ती म्हणाली.

"असं कसं? तिसरी आहे ही!"

"तिसरी पण चांगली आणि आधीच्या दोन पण चांगल्या असतील. तुम्ही बिचाऱ्या बॅटऱ्यांना घराबाहेर काढलंत. दोषी घरातच आहे."

मग तिने रेडिओ घेतला. ऐकताना रेडिओ फारशी वीज ओढत नाही, पण बोलायचं बटण दाबलं की एकदम मोठा घोट घेतो. कमकुवत तार असेल तर तिथे उघडी पडते. तिने नजर काट्यावर ठेवून बटण दाबलं. काटा धाडकन पडला, रेडिओची उजळलेली आकड्यांची पाटी काळी झाली. बटण सोडलं. पाटी पुन्हा उजळली. तिने पुन्हा दाबलं. काळी. सोडलं. उजळली. ती काट्याकडे बघत होती, म्हणून तिला आवाजाचं भान नव्हतं. तिने आणखी काही वेळा दाबलं.

धक्क्याच्या फळ्या धडधडल्या. तिने मान वर केली. तिचा दीर पळत येत होता. त्याच्या वयाच्या माणसाने पळू नये तसा, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, ओठ पांढरे.

"वहिनी! बटण सोडा! आधी ते बटण सोडा!"

तिने हात मागे घेतला.

"काय झालं, भावजी?"

तो बोटीच्या कडेशी येऊन वाकला, गुडघ्यावर हात टेकून श्वास घ्यायला लागला. मग म्हणाला, "तुम्हीच होतात ना? तुम्हीच दाबत होतात ना? एकदा हो म्हणा."

"मीच. रेडिओ तपासत होते."

"टक, फर्र, शांत," तो म्हणाला. "टक, फर्र, शांत. वहिनी, मी हा आवाज इतकी वर्षं झोपेत ऐकलाय. आज जागेपणी ऐकला. मला वाटलं..."  तो नुसता भूशिराकडे हात करून उभा राहिला.

 मीटरबाई घाबरली तरी तिचे हात थांबत नसत. ते आपोआप पुढच्या बाकाकडे गेले, झाकण उचलून बॅटरीची जागा पुन्हा बघायला लागले. बॅटरी पुढे. बोट मागच्या बाजूने खाली बसते, जरा वजन पुढे घ्या, असं एका गिऱ्हाईकाने सांगितलं म्हणून नवरा एकदा घरी कुरकुरत होता. "दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना सगळं रांगेत लागतं," असंही म्हणाला होता आणि दोघं हसली होती. तिने बाकाच्या कडेला रंगाचा टवका उडाला होता तिथे अंगठ्याचं नख लावलं. निळा पापुद्रा सुटला. खाली पांढरा.

"हीच आहे," ती म्हणाली.

बेकरीवाला आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होता. "हीच म्हणजे? काय हीच?"

दिराने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. बेकरीवाल्याच्या चेहऱ्याचा रंग त्याच्या बाहीवरच्या पिठासारखा झाला. तो बोटीवरून उतरून धक्क्यावर गेला आणि तिथून म्हणाला, "मला विकणाऱ्याने हे सांगितलं नाही हो. मी माझ्या पोरींना घेऊन बसलोय हिच्यात."

"वहिनी, हिला हात लावू नका," दीर म्हणाला. "पाठवा परत. तुम्ही हिच्यात बसलात हेच माझ्याने बघवत नाही."

"मला एकच सांगा, भावजी. त्या दिवशी बॅटरी मेली म्हणून ते अडकले, असं आपण धरून चाललो. आज बॅटरी नवीकोरी आहे, आणि तरी हाच आवाज. मग त्या दिवशी तरी बॅटरी मेलेली होती कशावरून? त्यांनी रात्रभर दिवा लावून ठेवला असेल, कुणाला तरी दिसावं म्हणून. बॅटरी नंतर बसली असेल."

दिराने बाकाखालच्या बॅटरीकडे पाहिलं.

"मला बघू दे," ती म्हणाली. "आज बघितलं नाही तर मी पुन्हा या धक्क्यावर कशी येऊ?"

तिने काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला टेकवली आणि लाल काडी लांब वायरीने मागे नेऊन इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. या दोन जागा एकाच जाड तारेने जोडलेल्या असतात. तार धड असेल तर इंजिन फिरवताना मीटरवर जवळजवळ काहीच दिसता कामा नये. जे दिसेल ती वाटेतली गळती.

"किल्ली फिरवायला कुणी तरी हवं," ती म्हणाली.

दीर जागचा हलला नाही. शेवटी बेकरीवालाच पुढे आला. एक पाय धक्क्यावर, एक पाय बोटीत, शरीराचा जास्तीत जास्त भाग जमिनीच्या बाजूला ठेवून त्याने हात लांबवला आणि डोळे मिटून किल्ली फिरवली.

इंजिनाने उचकी दिली. मीटरचा आकडा उसळून नऊच्या पुढे गेला.

"सोडा."

बाराच्या बॅटरीतले नऊ त्या एका तारेतच जिरत होते. इंजिनाच्या वाट्याला काय उरणार?

ती तार धरून सरकत गेली. बाकाखालून तार एका नळीत शिरत होती, टाकीच्या बगलेतून तळाच्या फळ्यांखाली जात होती. तिथे नेहमीच थोडं पाणी साचतं. तिने फळ्या काढल्या, नळीचे चाप सोडले. पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटं तारेवरून चालत गेली आणि एका जागी थांबली. तिथे तार जाड झाली होती, अंगठ्याएवढी. जोड होता.

तिने ती तार ओढून उजेडात आणली. काळ्या चिकटपट्टीचे वेढे, एकावर एक, एकसारखे. वरून बघितलं तर नजर ठरावी असं काम. पट्टीचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं.

तिने ते चिमटीत धरलं. इतक्या वर्षांनीही ते सहज सुटलं.

पट्टी निघत गेली तसा आतून हिरवा चुरा तिच्या मांडीवर पडला. तारेची दोन टोकं एकमेकांत नुसती पिळून ठेवली होती. ना दाबून बसवलेली नळी, ना वितळवलेल्या कथलाचा डाख. बॅटरी पुढे नेल्यावर जुनी तार आखूड पडली असणार, आणि हातात लांब तार नसल्यामुळे त्याने एक तुकडा जोडला असणार, सध्यापुरता. नंतर बदलू म्हणून. खाऱ्या ओलीला पट्टी किती दिवस अडवणार? तिने आत शिरून तांबं खाल्लं. धक्क्याला बोट स्थिर असली की उरलेसुरले धागे टेकून राहायचे. लाटांवर आपटली की सुटायचे. भूशिरापाशी, वारा फिरलेला असताना, नेमके सुटायचे. आणि माणूस रेडिओचं बटण दाबत राहायचा.

दिराने धक्क्यावरूनच ते दुमडलेलं टोक बघितलं होतं. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो तिथेच फळ्यांवर मांडी घालून बसला.

बेकरीवाला हळूच म्हणाला, "सापडलं का, बाई?"

"सापडलं," ती म्हणाली. "तार नवीन टाकू. अखंड. मधे जोड नको."

* * *

तार तिने दुसऱ्या दिवशी टाकली. किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं, काटा हलला नाही, रेडिओवर बेकरीवाल्याने "ऐकू येतंय का" विचारलं आणि दिराने रेडिओखोलीतून उत्तर दिलं, "स्पष्ट." एवढा एकच शब्द. बेकरीवाला बोट घेऊन गेला. तो पुढे ती वापरतो की विकतो, हे तिने विचारलं नाही.

दीर संध्याकाळ व्हायच्या आत दुकानात आला. जुन्या तारेचा जोडाकडचा तुकडा टेबलावर पडला होता. त्याकडे न बघता तो म्हणाला, "हे फेकून द्या."

"डॉक्टरांकडे जायचंय मला."

"कशाला?" त्याचा आवाज चढला. "कोण विचारतंय आता? दादा गेला तो गेला. धक्क्यावर आजही त्याचं नाव काढलं की माणसं म्हणतात, तसा हात पुन्हा झाला नाही. तेवढंच तर उरलंय त्याचं. ते पण तुम्ही स्वतःच्या हाताने पुसणार?"

"मी त्या माणसाला भर बाजारात बोललेय, भावजी. एकदा नाही."

"माझा विचार करा. मी ऐकूनही उठलो नाही, हे माझ्या कपाळी आहेच. आता भाऊच चुकला, हेही ऐकायचं?"

"तुमच्या कानांचा काय दोष? तिकडून शब्दच निघत नव्हता."

तो वळला आणि दार जोरात ओढून निघून गेला. पुढे कित्येक दिवस तो तिच्याशी बोलला नाही. धक्क्यावर समोरासमोर आले तर तो रेडिओखोलीत शिरायचा.

डॉक्टरांचं घर चढावर होतं. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्याच्या काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. तिने घंटा वाजवली तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं आणि तिला बघून उंबऱ्यावर हात आडवा धरला.

"आता काय राहिलंय?"

मीटरबाईने वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. ती म्हणाली, "ती बोट आली होती माझ्याकडे. बॅटरी खराब नव्हती. तारेतला जोड खराब होता. जोड आमच्याच माणसाने केलेला."

डॉक्टरीणबाईंचा हात हळूहळू खाली आला.  त्यांचं बघणं तिला उन्हासारखं लागलं.

"हे मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "मी त्यांना हजारदा सांगितलं, तुमची काही चूक नाही. तुला यातलं काय कळतंय, म्हणायचे. आत या आणि तुम्हीच सांगा."

डॉक्टर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. डोळे उघडे, पण नजर तिच्या जरा बाजूला लागलेली. ओळख पटायला त्यांना आवाज पुरला. ते उठायला लागले, तशी ती म्हणाली, "बसा. मी उभीच बरी."

तिने सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही, रडली नाही, गिऱ्हाईकाला बिघाड समजावून सांगावा तसं सांगितलं. ते मधेमधे विचारत होते.

"बॅटरी चांगली होती?"

"ती जुनी होती, पण चालती होती. तिचा दोष नव्हता."

"मी बदलली असती तर?"

"तरी तेच झालं असतं. ज्याने आता घेतली त्याने दोन बदलल्या. फरक पडला नाही."

"म्हणजे मी बदलली असती तरी," ते पुन्हा म्हणाले. "नवीन असती तरी."

"तरी."

तिने पिशवीतून तो तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. डोळे गेले तरी डॉक्टरांच्या बोटांना अजून सगळं कळत होतं. त्यांनी तार चाचपली, पिळलेल्या जागेवरून बोट फिरवलं, चुरा दोन बोटांत चोळून बघितला. आयुष्यभर लोकांच्या तोंडातली कीड शोधलेली बोटं ती.

"पोकळ झालंय," ते म्हणाले.

"हो."

तिला वाटलं होतं, ते सुस्कारा टाकतील, किंवा रडतील, किंवा म्हणतील जाऊ द्या, झालं गेलं. त्यांच्या मानेवरची शीर फुगायला लागली हे तिला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मग त्यांनी तो तुकडा भिंतीवर भिरकावला.

"चालत्या व्हा," ते म्हणाले. आवाज आधी बारीक होता. मग मोठा झाला. "चालत्या व्हा माझ्या घरातून! मी पाण्याकडे तोंड करून बसत नाही. मी माणसांच्या तोंडात हात घालायचं सोडलं, का तर हात थरथरायला लागले. रोज सकाळी उठून मी त्या माणसाला मारत होतो. रोज! आणि तुम्ही ही तार घेऊन येता?"

  मग वाकून तिने तो तुकडा उचलला आणि बाहेर पडली.

फाटकापर्यंत आली तेव्हा डॉक्टरीणबाई मागून आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर जे होतं त्याला दुःख म्हणता आलं नसतं.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "किती जोरात ओरडले. मी या घरात इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. कुणावर रागावायचा आपल्याला हक्कच नाही, असं धरून बसले होते. ओरडू द्या." आणि मग, दार लावता लावता, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते वेगळं."

"ते बरोबर आहे," मीटरबाई म्हणाली.

धक्क्यावर तिने जे होतं ते सांगून टाकलं, ज्याने विचारलं त्याला आणि ज्याने नाही विचारलं त्यालाही. काहींना पटलं नाही. एक जुना बोटवाला तर म्हणाला, "मेलेल्या नवऱ्याला बोल लावणारी बाई पहिल्यांदा बघितली." ती मान खाली घालून त्याच्या पंपाची तार तपासत राहिली.

लोकांच्या बोलण्यापेक्षा घरातली शांतता जड होती. इतकी वर्षं तिच्या रागाला एक घर होतं, चढावरचं. सकाळी उठून तो राग तिकडे धाडून दिला की तिला कामाला लागता यायचं. आता त्याला जायला जागा नव्हती. तो स्वयंपाकघरात तिच्या मागे-मागे फिरायचा. आणि नवरा, जो आजवर तिच्या डोळ्यांसमोर पाण्यात असायचा, बटण दाबत, तो आता तिथे दिसेना. आता तो कोरड्या जमिनीवर दिसायचा. पालथा पडलेला, बोटीच्या तळात हात घातलेला, शीळ घालत, दोन टोकं पिळताना. तिला त्याच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटायचं.

एका दुपारी दीर आला. बरोबर काही निमित्त आणलं नव्हतं. दारापाशी आला तेव्हा आतून तिचा आवाज ऐकू येत होता, चांगला तापलेला. त्याला वाटलं कुणी गिऱ्हाईक आलंय, म्हणून तो बाहेरच थांबला.

"एवढा शहाणा माणूस तू," ती म्हणत होती. "दुसऱ्याच्या कामातला एक स्क्रू ढिला दिसला तर जेवण जायचं नाही तुला. आणि स्वतः काय केलंस? म्हणे नंतर बदलू! कधी नंतर? मी दुकानात होते ना बसलेली? मागायची होतीस लांब तार. आणली असती मी कुठूनही. घाई कसली होती रे तुला एवढी? कसली घाई होती?"

कुणाचं उत्तर आलं नाही. एक भांडं ठेवल्याचा आवाज झाला. दिराने दार ढकललं. ती एकटीच होती, ओट्याला टेकून उभी, गाल ओले.

"कोण आलंय, वहिनी?"

"तुमचा दादा," ती म्हणाली. "सकाळपासून बोलतेय त्याच्याशी. आज सोडणार नाही त्याला."

तो दारातच घुटमळला. मग आत आला, खुर्ची ओढून टेबलाशी बसला.

"माझं पण एक सांगणं होतं त्याला," तो म्हणाला.

"मग सांगा की. मी कशाला हवी मधे?"

त्याने घसा खाकरला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा खुर्चीकडे.

"दादा," तो म्हणाला, "मी ऐकत होतो रे. मी तिथेच होतो." आणि मग त्याला रडू कोसळलं, इतक्या मोठ्याने की तिला जाऊन खिडकी लावावी लागली.